भिंतीलगतच्या फळ्या

स्वेनबोर्ग, १२ मार्च

प्रिय आस्गर,

तुम्ही सगळे बरे असाल. तिकडे ऑलबोर्गला अजून बर्फ आहे का? इथला वितळला. माझे गुडघे मात्र सुजलेत, कारण आपल्या आईच्या घरी गुडघ्यांवर बसून तिच्या खोलीतल्या ओकच्या फळ्या उखडतेय. घर विकत घ्यायचं म्हणून बघायला येणारे त्या खोलीतल्या वासाने नाक मुरडून मागे फिरायचे, म्हणून म्हटलं, जमीनच काढून टाकू.

मधल्या फळ्या प्रेबेनने करवत चालवून भराभर काढल्या. भिंतीलगतच्या हटेनात. तिथे यंत्राची करवत पोचत नाही. कडेची पट्टी काढायची, मग पटाशीने फळी चिरायची आणि कटावणीखाली लाकडाचा तुकडा ठेवून हळूहळू उचलायची, नाहीतर गिलावा सुटून येतो. आईचा पलंग होता त्या कोपऱ्यातलं लाकूड पार काळं पडलेलं. मी नाकाला रुमाल बांधला आणि नवऱ्याला, प्रेबेनला, म्हणाले, "बघ, म्हातारीने काय करून ठेवलंय."

असं बोलले मी. सांगायचंच तर हेही सांगायला हवं.

शेवटची फळी निघाली. प्रेबेन वाकून बघत राहिला. म्हणाला, "लिस्बेट, इकडे ये. हात लाव."

खाली खोली तापवणाऱ्या हीटरचा, गरम पाण्याचा पाइप होता. जोडातून पाणी ठिबकत होतं. कोमट.

आई सांगत होती रे. "ते माझं नाही गं, खालून येतंय." मी ऐकलं नाही. उन्हाळ्यात तिच्या पलंगाखालची ओल गेली, तेव्हा मीच तुला फोनवर म्हणाले, डायपरचा उपयोग झाला. हीटर बंद होता म्हणून गेली ती! ते डायपर तर कोरडेच निघायचे. मला वाटायचं, ही लपवून बदलते. तुझ्या पन्नाशीच्या जेवणाला तिच्या खुर्चीवर प्लास्टिक मी अंथरलं, सगळ्यांच्या देखत. त्यावर ती बसली. पुढे तिने बाहेर जाणंच सोडलं. वृद्धाश्रमाचं काढलं तेव्हाही निमूट तयार झाली.

काल आश्रमात तिच्याकडे गेले. कॉफी घेत होती. पाइपाचं सांगितलं. तिने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे... मी नव्हते ते?"

आस्गर, तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. मी तिला इथवर आणलं.

मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले, तर म्हणाली, "ऊठ, बायका बघताहेत. मी घरी कधी येऊ, ते बोल."

"खोलीला जमीन नाही गं, आई."

"मग बैठकीत झोपीन. तुझ्या बापाचा सोफा आहे ना अजून?"

घर विकणं मी थांबवलंय, तुला न विचारता. हवं तर रागाव. पाइप दुरुस्त झाला, नव्या फळ्या सावकाश बसतील. शनिवारी तिला आणतेय. तू ये. पहिल्या दिवशी तिच्यासमोर एकटीने जेवायला बसायचा मला धीर नाही.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

तुझीच, आणि तिचीही असले तर,
लिस्बेट