तळातलं शिसं

ब्रिस्टल, ऱ्होड आयलंड
२८ मार्च १९९४

चि. ओदिलिया हीस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

ईस्टरचा गोड पाव पाठवलाय. तिकडे व्हर्मॉन्टच्या डोंगरात तुला कोण करून घालणार? परसात आपली शिडाची बोट 'गार्सा' नव्या नवरीसारखी सजतेय. डेकमध्ये पाणी मुरलं होतं, ते खरवडून काढलं. डोलकाठीच्या तारा नव्या आणल्या. झोपायच्या बाकाला कापडाची आड शिवली, म्हणजे बोट कलली तरी तू खाली पडायची नाहीस.

पण बोट उलटू नये म्हणून तळात असतं ते शिसं धरून ठेवणारे बोल्ट गंजलेत गं. ते बदलेपर्यंत जुलै उजाडेल, आणि मग वादळांचे दिवस. तेव्हा एकटीनं अर्धा अटलांटिक ओलांडून अझोर्स बेटांवर जायचं यंदा राहू दे. गार्सा तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, थोरलीचं ऐकावं.

कळावे.
बाबा

५ एप्रिल

ती. बाबांना, ओदिलियाचा नमस्कार. आशीर्वाद मागते.

पाव पोचला, निम्मा उभ्या उभ्याच संपवला. आता बोल्टांचं. मी आठ वर्षांची असताना तुम्ही मला तुमच्या बोटींच्या कारखान्यात नेलं होतंत, आठवतं? शिसं बोटीच्या पोटात ठेवून वरून फायबरग्लासचे थर चढवत होतात. आपल्या बोटींना बोल्टच लागत नाहीत, अशी फुशारकी रोज जेवताना मारायचात. आई वैतागून म्हणायची, पोरीला पाढे शिकवा, शिसं पुरे झालं!

मग नसलेले बोल्ट गंजले कसे हो? आधी हसले, मग रडू आलं. बोटीबद्दल तुम्ही कधी खोटं बोलला नव्हतात. मी शिकवते त्या शाळेनं रजा यंदाच दिलीय, पुन्हा मिळायची नाही. तरी तुमच्या मनाविरुद्ध मी दोर सोडणार नाही. नको असेल तर सरळ नको म्हणा.

लोभ आहेच, तो असाच असू द्या.
तुमची ओदिलिया

१४ एप्रिल

चि. ओदिलियास आशीर्वाद.

पकडलंस. पाद्रीबाबांपुढे द्यायची कबुली तुलाच देतो. बोट महिन्यापूर्वीच तयार झाली, तयार नव्हतो तो मी. तुझी आई गेल्यापासून मला तू एकटीच आहेस. ते लिहायला लाज वाटली, म्हणून बोल्ट लिहिले.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस हातोडीनं गार्सा इंच न इंच ठोकून पाहिली. कुठेही पोकळ वाजली नाही. ती बांधली तेव्हा फायबरग्लास नवं होतं, आम्हा कामगारांचा त्यावर भरवसा नव्हता. भीतीपोटी दुप्पट थर चढवले, म्हणून ती आज एवढी दणकट आहे. भीती बोटीला मानवली, पोरीला मानवेलच असं नाही. चार जूनला बोट पाण्यात उतरवायला क्रेनवाला येतोय. निघ.

अझोर्सच्या ओर्ता बंदरात धक्क्याच्या भिंतीवर बोटीचं नाव रंगवल्याशिवाय पुढे जाणं अपशकुनी, हे तुला ठाऊक आहेच. मी विमानानं आधी जाऊन त्या भिंतीशी बसतो. बाकी सगळं सामान बोटीत भरलंय, फक्त रंगाचा डबा आणि कुंचला माझ्याकडे ठेवलाय. तो घ्यायला तुला यावंच लागेल.

वाट पाहणारा,
बाबा