आग्नेय कोपऱ्यातला वूफर

४ जानेवारी

पोचलो एकदाचा ग्वाल्हेरला. धुक्यामुळे गाडी रखडली, तरी सदाशिवमामा मफलर गुंडाळून स्टेशनवर हजर. आईचे हे सख्खे भाऊ. बाबा गेल्यावर मला सायकल शिकवली ती यांनी, आणि दर हिवाळ्यात नागपूरला तिळाच्या गजकाचा डबा धाडायचे तेही हेच. मलनपूरच्या बॅटरी कारखान्यात मला नोकरी लागल्याचं कळताच त्यांनी फोनवर दम भरला होता की बाहेर खोली शोधलीस तर तोंड बघणार नाही.

शिंदे की छावनीत त्यांचं दुमजली घर आहे. वर मामा आणि कुमुदिनीमामी, खाली एक मोठी रिकामी खोली. ती माझी. "घर तुझंच समज, यश. बिल्कुल तकल्लुफ नको," म्हणाले. मामा मात्र थकलेत. जिन्याच्या वळणावरच धापा टाकत थांबले. हृदयाचा पंप कमजोर झालाय, असं मामी हळूच म्हणाली. मला वाईट वाटलं. निदान आता घरात एक धडधाकट माणूस आहे.

६ जानेवारी

ट्रान्सपोर्टने माझा जीव की प्राण आला, म्हणजे होम थिएटर. पाच स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि हत्तीच्या पिल्लाएवढा सबवूफर. नागपूरला याच्या दणक्याने शेजारी भांडायला यायचे. मोठ्या अभिमानाने मामांना समोर बसवलं आणि ढोल-ताशा लावला. आवाज अगदीच फुसका! ताशा कडकड वाजतोय, ढोल मात्र गायब. माझी पार फजिती झाली.

मामांनी उदारपणे मान डोलावली आणि रिमोट मागितला. लहान मुलाला शिकवावं तसं मी त्यांना शिकवलं: हे बटण लावायचं, हे आवाज वाढवायचं, आणि हे दाबलं की तेच परत परत वाजतं. मन लावून शिकले.

९ जानेवारी

वूफरच्या मागे हात धुऊन लागलोय. केबल बदलली. वूफरचा आवाज वाढवला. अ‍ॅम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये छोटे स्पीकर 'मोठे' म्हणून नोंदले गेले होते, त्यामुळे सगळा बास, म्हणजे ढोलाचे खालचे सूर, त्यांच्याकडेच जात होता. ते दुरुस्त केलं. फेजचं बटण उलट-सुलट करून पाहिलं. फरक इतकाच की दिवसा जरा बरं वाजतं आणि दिवेलागणीनंतर पुन्हा मेल्यासारखं.

शेवटी फूलबागेजवळच्या रमाकांतच्या दुकानात वूफर नेला. तिथे लावताच काचेची कपाटं थरथरली. रमाकांत हसून म्हणाला, भाईसाहेब, मशीन एकदम ओके आहे, तुमचा कमराच बास खातोय.

११ जानेवारी

बास खाणाऱ्या खोलीवर उपाय असतो. वूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे बास सगळ्यात भरदार ऐकू येईल तिथे वूफर ठेवायचा. मी रांगत असताना मामी जिन्यात उभी राहून पदर तोंडाला लावून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मग मी आग्नेय कोपऱ्यात पोचलो, आणि फरशीतूनच असा दणका आला की दात वाजले. म्हटलं, हीच जागा! वर पाहिलं तर मामी हसायची थांबली होती. तिथे ठेवू नकोस म्हणाली. मामा मात्र खूश झाले. तिथेच ठेव, तिथेच बढिया आहे, म्हणत स्वतः वूफरला हात लावायला खाली आले. एका दमात, न थांबता उतरले. मी चाटच पडलो.

१४ जानेवारी

संक्रांत. मामीने तिळगूळ दिला आणि जवळ बसून घराची गंमत सांगितली. निदान गंमत म्हणूनच सुरुवात केली. वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी पुरतात, ते मला ठाऊक होतं. हे घर बांधलं ते आजोबांनी, आईच्या आणि मामांच्या वडिलांनी. देवाला तोंडघशी पाडायचं त्यांच्या मनाला पटेना. गुरुजींची नजर चुकवून त्यांनी तो उताणा पुरला. सगळ्यांची वास्तू तथास्तु म्हणते, पण मातीत तोंड खुपसून, मामी म्हणाली. आपल्याकडे त्याचं तोंड उघडं आहे. त्या खोलीत बोलताना जीभ सांभाळ, यश.

मला हसू आलं, पण तिला नव्हतं आलं. निधी, त्यांची मुलगी, माहेरी आली की वरच झोपते म्हणे, कारण खाली डास फार. मला तर एकही डास चावलेला नाही.

१७ जानेवारी

कोपऱ्यातही वूफर पुन्हा मंदावला. मीही मंदावलोय. कारखान्यात एक जिना चढलो तर डोळ्यांपुढे अंधारी आली. थंडी बाधली असेल. मामा सकाळी गच्चीवर उड्या मारल्यासारखे चालत होते. मला म्हणाले, तुझं येणं लाभलं बघ घराला. किती बरं वाटलं ऐकून! आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

१९ जानेवारी

आता बासचा छडा लावायचाच. संध्याकाळी विजेच्या लाइनमध्ये काही गुणगुण शिरते का, ते बघायला जुना फोन खोलीत रेकॉर्डिंगला लावून कामावर गेलो.

परतल्यावर ऐकलं. बराच वेळ काहीच नाही. मग चपला. काडी ओढल्याचा आवाज, दिवा लावला असावा. मग मामांचा आवाज, देवापाशी बोलतात तसा हळू आणि गोड. "माझ्या छातीचं दुखणं यशच्या छातीत जाऊ दे. त्याचं बळ मला येऊ दे."

त्यानंतर फोनच्या पडद्यावरची आवाजाची रेघ टोकापर्यंत उसळली होती, पण ऐकू काहीच आलं नाही. फोनच्या एवढ्याशा स्पीकरातून खालचे सूर निघतच नाहीत.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. सायकलचं कॅरिअर धरून माझ्यामागे धावणारे मामा! रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेतलं, अ‍ॅम्प्लिफायरला लावलं, आवाज पूर्ण वाढवला. मामांचं वाक्य आणि त्याच्या पाठोपाठ आग्नेय कोपऱ्यातून— शब्द होता. फरशीएवढा जाड. तथास्तु.

चुकीचं ऐकलं असेल म्हणून पुन्हा लावलं. दिवेलागणीनंतर माझा बास कोण खात होतं ते कळलं. मग ते परत परतचं बटण दाबून दिलं. कितीतरी वेळ ऐकत बसलो. रडत होतो. इतका सुंदर बास या खोलीत कधीच वाजला नव्हता.

२० जानेवारी

सकाळी उठता येईना. पलंगावरून पाय खाली सोडले आणि तसाच कोसळलो. मामांनी मला उचललं. त्यांनी मला, एकट्याने. डॉक्टर म्हणाले, हृदय साठी उलटलेल्या माणसासारखं चालतंय, घराण्यात कुणाला आहे का? मामांनी माझ्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, हो ना, आमच्यात आहेच ते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. असा राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता. आणि तो हात काढून टाकायचंही बळ नव्हतं.

मोठ्या इस्पितळात उद्या खाट मिळेल. तोवर वरच्या खोलीत, मामीच्या पलंगावर.

२० जानेवारी, दुपार

मामी पेज घेऊन आली आणि रडत बसली. तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. नोकरीचं कळलं त्याच दिवशी मामांनी ठरवलं होतं. निधी पोटची, तिच्यावर कसं ढकलायचं, म्हणाले होते. भाचा चालतो.

मी विचारलं, मग इतक्या झपाट्याने कसं झालं? ती म्हणाली, कोपऱ्यातल्या त्याला माणूस बोलतोय की मशीन ते कळत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. मामा दिवसातून एकदाच, हळू बोलायचे. तसं वर्षं गेली असती. मग काल तू ते भिंती हलतील एवढ्या मोठ्याने, परत परत—

मीच. माझ्याच हाताने.

२० जानेवारी, नंतर

मलाही बोलता येतंच की. खाली जाऊन त्या कोपऱ्यात म्हणायचं, माझं मला परत दे. बस. मामांचं काय होईल याची आता मला पर्वा नाही, लिहूनच ठेवतो. बसत बसत जिना उतरलो. दाराला कुलूप. मामा शांतपणे म्हणाले, थंडी आहे, तू आराम कर. किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात. मला पुन्हा वर आणून रजईत गुंडाळलं. कडेला गजकाचा डबा ठेवला.

पेन ड्राइव्ह खालीच राहिला. अ‍ॅम्प्लिफायरला लावलेला.

संध्याकाळ

मामी रिक्षा आणायला गेलीय. आज रात्रीच हलवते म्हणाली. ती अजून—

खाली कुलूप उघडल्याचा आवाज. मामांना मी हाक मारली. ओरडायला गेलो, पण घशातून नुसती हवा. आई, मी मामांकडे मजेत आहे असं तुला—

काडी ओढली.

रिमोट कसा चालवायचा ते मीच— हे लावायचं, हे आवाज वाढवायचं—

पलंग हलतोय. काचा थरथरतायत. आज बास अगदी पूर्ण आहे, एवढासुद्धा कमी नाही, आणि मध्ये मामांचा आवाज, माझं नाव, किती मायेने—

संपलं. थांबलं. मी अजून आहे. मी अजून—

नाही. परत परतचं बटण. तेही मीच त्यांना