स्लायडर चालतोय

प्रिय खारू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. आपल्या घरात पत्र लिहायची पद्धत कधीच मोडीत निघाली आणि मी तर किराण्याची यादीसुद्धा हल्ली फोनवर बोलून ठेवते. पण काही गोष्टी फोनवर बोलायच्या नाहीत असं मी कबूल करून बसले आहे, म्हणून हा कागद. कुणाला कबूल केलं, का केलं, ते ओघात येईलच. दुकान चालू आहे, मी ठणठणीत आहे, आणि तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी अजून तशीच लोंबकळते आहे, तेव्हा त्या बाबतीत तू काही गमावलेलं नाहीस.

आधी स्लायडरचं सांगते. मध्यंतरी त्याच्यावरून मी तुझं इतकं डोकं खाल्लं की एकदा तू चक्क फोन टेबलावर ठेवून जेवून आलीस. मला ऐकू येत होतं बरं का, ताटाचा आवाजसुद्धा.

दुकानाचं ते इंटरनेटवरचं पान तू केलंस तेव्हा त्यात हात घालायचा नाही अशी मला सक्त ताकीद होती. पण काय झालं, एक नवरा-बायको नवीन घराला रंग बघायला आले. बायकोला भिंत 'थोडी फिकी' हवी, नवऱ्याला 'थोडी गडद', आणि दोघांचंही 'थोडं' एकमेकांना मान्य नाही. तुझ्या बाबांनी फळीच्या तुकड्यावर रंग ओढून दाखवायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग त्यांनी नाक मुरडायचं, की पहिले पाढे पंचावन्न. सकाळ गेली त्यात. बाबा दमलेले दिसले. एरवी असलं गिऱ्हाईक आलं की त्यांना चेव चढतो, त्या दिवशी नुसते खाली बसले. तेव्हा माझ्या मनात आलं, पानावर एका खोलीचं चित्र टाकावं, खाली सरकणारं बटण, म्हणजे हा स्लायडर, द्यावं, आणि लोकांनी घरबसल्या भिंत फिकी-गडद करत काय भांडायचं ते भांडून घ्यावं. ठरलं की मग आमच्याकडे यायचं.

तुला वाटलं असेल, आईचं हे खूळ चार दिवसांचं. मलाही तसंच वाटलं होतं. पण पानाच्या कोडमध्ये ती 'रेंज'ची एक ओळ लिहिली, एका टोकाला शुभ्र आणि दुसऱ्या टोकाला भरगच्च रंग असं सांगितलं, आणि पडद्यावर खरोखरच एक दांडी आली, तिच्यावर एक गोल बटण आलं, आणि ते सरकायला लागलं! मी एकटीच टाळ्या वाजवल्या. भिंत मात्र ढिम्म. बटण सरकणं वेगळं आणि ते सरकलंय याची कुणी दखल घेणं वेगळं, हे तेव्हा कळलं. त्यासाठी जावास्क्रिप्टला बजावून ठेवावं लागतं, की बाई, याच्याकडे कान दे, हा हलला की भिंतीचा रंग बदल. मी तसं बजावलं. तर आता बटण सरकवून बोट उचललं की भिंत बदलायची, पण सरकवताना काही नाही. मग तू समजावलंस, की 'चेंज' लिहिलं तर तो शेवटी एकदाच बोलतो आणि 'इनपुट' लिहिलं तर पावलापावलाला बोलतो. मी म्हटलं, म्हणजे एक तुझे बाबा आणि एक मी. तू इतकी हसलीस की मला पुढचं काही विचारताच आलं नाही.

तर मी 'इनपुट' लिहिलं आणि कौतुकाने लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यांनी बोटाने बटण हळूहळू सरकवलं आणि म्हणाले, बदलत नाही.

आता माझी गंमत बघ. मला बदलताना दिसत होता. पण मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? रंगाच्या बाबतीत या घरात बाबांच्या डोळ्याचा शब्द शेवटचा. रंगारी डबा घेऊन यायचे, बाबा झाकण उघडून काडी फिरवायचे आणि सांगायचे, यातला पांढरा आधीच्या डब्यातला नाही. आणि ते खरं निघायचं. तू कपाटावर ओरखडा पाडलास आणि वरून माझं नेलपॉलिश फासलंस, तेव्हा दारात चपला काढता काढता त्यांनी विचारलं होतं, हा रंग कुणी आणला? तुझ्या त्या पिवळ्या स्वेटरला तर त्यांनी कधी माफच केलं नाही, तो घातलास की लिंबू बाजाराला निघालं म्हणायचे. अशा माणसाला बदल दिसत नाही, म्हणजे रंग मधेच कुठेतरी अडकत असणार, आणि मला अडाणी बाईला तो कळत नसणार, असं मी धरून चालले.

मग मी त्या बिचाऱ्या स्लायडरच्या मागे हात धुऊन लागले. पावलं बारीक केली. टोकं उलटी करून पाहिली. दुसऱ्या फोनवर उघडून पाहिलं. तू तिकडून सांगत होतीस, आई, माझ्याकडे नीट चालतोय, जुनं साठलेलं पुसून टाक, पान पुन्हा उघड. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या दिवसांत मी शेळीच्या बाजूने अनुभवलं. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर लॅपटॉप बाबांपुढे. प्रत्येक वेळी तेच उत्तर, तेही अगदी शांतपणे. शेवटी तू वैतागून म्हणालीस, की तुझ्या मनाचे खेळ आहेत, स्लायडर पहिल्या दिवसापासून चालतोय. मला राग आला होता थोडा. रागावून मी दोन वाक्यं बोलले आणि फोन ठेवला. त्यातलं एकही मनावर घेऊ नकोस.

त्यानंतर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ऊन थेट गल्ल्यापर्यंत आलं होतं. मी बाबांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, आता तुम्ही सरकवा, जिथे अडेल तिथे थांबा, मी तो आकडा टिपून घेते. ते सरकवायला लागले. भिंत गर्द निळी होती, ती आकाशी झाली, मग त्याहून फिकी, मग नुसती निळसर छटा. ते थांबले नाहीत. भिंत पार पांढरी झाली तेव्हा म्हणाले, हं, आता काहीतरी झालं. आणि परत न्यायला गेले तर त्यांचं बोट बटणावर पडेना. बटणाच्या खाली दांडीवर चाचपत होतं. मान किंचित वळलेली होती, जणू लॅपटॉपच्या शेजारच्या भिंतीकडे बघतायत.

खारू, मी त्यांच्या पाठीमागे उभी होते ते बरं झालं. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालत होते. पेपरात हल्ली वाचण्यासारखं काही नसतं म्हणत त्यांनी तो बंद केला होता. डब्यावरचं नाव मोठ्याने वाच, तुझा आवाज बरा आहे, असं म्हणायचे आणि मी खुळी खूश व्हायचे. हाताने रंग मिसळणं सोडून सगळं यंत्रावर टाकलं होतं, काळाबरोबर चालावं म्हणून. दुकानातले दिवे दोनदा बदलून आणले. एक गिऱ्हाईक भिंतीचे दोन भाग वेगळे दिसतात म्हणून डबा परत घेऊन आलं, तेव्हा बाबांनी प्रथमच वाद न घालता डबा बदलून दिला होता. सगळं माझ्या डोळ्यांदेखत.

मी आवाज जमेल तितका साधा ठेवला आणि म्हटलं, सापडली चूक, माझीच होती, आता नीट करते.

ते म्हणाले, "तुझी चूक नाही ती. स्लायडर पहिल्यापासून चालतोय ना?"

मी हो म्हटलं.

"मला वाटत होतं, या वेळेला तरी तुझी चूक निघावी."

मग स्टुलावरून उठले आणि बाहेर ठेवलेले रिकामे डबे आत घेतले, एकात एक घालून, एकही न पाडता.

मग त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. घाईघाईत बोलत नाहीत. डोळ्याच्या आतला जो पडदा असतो, त्याचा मधला भाग झिजत चाललाय. जे गेलं ते येणार नाही. आहे ते टिकावं म्हणून डोळ्यात सुई देतात. ऐकायला वाटतं तितकं भयंकर नसतं ते, बाबा बाहेर येऊन चहा मागतात. कडेकडेचं दिसत राहील, त्यामुळे चालायला-फिरायला, घरात वावरायला अडचण नाही. जाईल ते नेमकं समोरचं. बघायला जावं तिथेच धूसर डाग, आणि त्याच्या आजूबाजूला सगळं जग शाबूत. बाबा म्हणाले, म्हणजे नावडत्या माणसांची सोय झाली, त्यांच्याकडे सरळ बघायचं. बाई हसल्या. मी नाही हसले. घरी येऊन भांडी घासताना रडले, नळ मोठा सोडून.

आणि त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की खारूला यातलं काही फोनवर सांगायचं नाही. तुझं काम आता कुठे रंगात आलंय, तुझ्यावर अख्ख्या गटाची भिस्त आहे, तू अर्ध्यावर टाकून पळत येशील, आणि येऊन करणार काय, तर त्यांच्याकडे बघून रडणार. पुढच्या वर्षी मोकळी झालीस की येशीलच. असं त्यांचं म्हणणं. मी वचन दिलं, आणि पाळलंसुद्धा. फोनवर मी अवाक्षर काढलेलं नाही. ते घरात फोन लागला की कान देऊन बसतात, त्यामुळे काढताही आलं नसतं.

स्लायडर मी पुन्हा नव्याने केला आहे, या वेळी घरच्या गिऱ्हाइकासाठी. बटण चांगलं बांगडीएवढं, मागची बाजू काळी, आणि सरकवलं की पान छटेचा आकडा मोठ्याने बोलतं. आधी 'इनपुट'वर बोलायला लावलं तर ते रस्ताभर बडबडत सुटलं, पुढचा आकडा मागच्याच्या पाठीवर. बाबा म्हणाले, याच्यात तू शिरलीस. म्हणून परत 'चेंज' लिहिलं. आता बोट उचललं की शेवटी एकच आकडा बोलतं. गिऱ्हाईक समोर बसून रंग बघतं, बाबा आकडा ऐकतात आणि सांगतात, हा घेऊ नका, तुमच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, संध्याकाळी डोळ्यांवर येईल. ऐकतात लोक. बाबा हातानेही रंग मिसळायला लागलेत परत. काडी फिरवून दाटपणा कळतो म्हणतात, रंग मी सांगते. माझ्या सांगण्यावर त्यांचा अजून काडीचाही विश्वास नाही, पण चाललंय.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. पुढच्या वर्षी नको, खारू, आत्ता ये. चार दिवस ये, मग खुशाल परत जा, मी अडवणार नाही. सकाळच्या लख्ख उजेडात त्यांना अजून चेहरा कळतो. पुढच्या वर्षी कळेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत, मी दोनदा विचारलं. आल्यावर ते तुझ्या कानाकडे बघतील. रुसलेत असं समजू नकोस आणि डोळ्यांसमोर यायला सरकू नकोस. कानाकडे बघतात तेव्हाच त्यांना तू दिसणार आहेस, म्हणून तेवढा वेळ उभी राहा. हे पत्र मी गल्ल्यावर बसून लिहिते आहे आणि ते समोरच स्टुलावर बसून डबा ढवळतायत. पूर्वी हे शक्य होतं का? पलीकडून उलटं वाचून त्यांनी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले असते. मघाशी त्यांनी विचारलं, इतकं काय लिहितेयस. मी म्हटलं, कंपनीला मागणी. बरं म्हणाले आणि बराच वेळ काडी फिरवत राहिले. मग मान तशीच वळलेली ठेवून म्हणाले, "कंपनीला लिही, येताना तो पिवळा स्वेटर घालून ये. पिवळं मला अजून लांबून दिसतं."

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई