ओढ घोडा!

शुक्रवार, ४
नवा सिनेमा लागला. मालक म्हणाले, बाई, या वेळी वेस्टर्न आहे. मी ब्रश घेऊन नव्या संडासाकडे निघाले. मग कळलं, वेस्टर्न म्हणजे रेताड गाव, टोप्या, बंदुका. वर कार्टून. वर फौजदार कोण, तर घोडा. अंगात जाकीट, खाली काही नाही. असलं काही मी बघणार नाही. हॉल झाडायचा, घर गाठायचं.

शनिवार, ५
खुर्च्या नीट आहेत का बघायला आत बसले. शेवटपर्यंत. खुर्ची नीट आहे.
दोष: खुराने बंदूक धरतो कशी? गावात एवढी धूळ, एकाच्या हातात केरसुणी नाही. गाणं नाही. शेवटी घोडा आणि दरोडेखोर समोरासमोर उभे राहतात ते राहतातच. तेवढ्यात माझ्या दोन रांगा झाडून होतील.
गुण: संध्याकाळ काय काढलीय! खरी मला कुठली बघायला मिळते.
दरोडेखोर ओरडतो, ओढ घोडा! अरे, तो स्वतःच घोडा, आणखी कुठला ओढू? मराठी करणाऱ्याची अक्कल गहाण पडलेली. तिकीटखिडकीवरची पोरगी म्हणाली, मावशी, बंदुकीच्या चापाला घोडा म्हणतात. मला काय माहीत नव्हतं? बाकीच्यांचा घोटाळा होईल, एवढंच माझं म्हणणं.

रविवार, ६
परत बसले. खुर्च्यांसाठीच. दरोडेखोराच्या तोंडावरचा रुमाल सुटतो आणि ती निघते घोड्याची आई! घोडा बंदूक टाकून देतो. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. त्या पडद्यावर धूळच एवढी.

सोमवार, ७
मुलाला फोन लावला. परगावी नोकरीला गेला तो सहा महिने फिरकला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमा सांगितला. काय हसला! म्हणाला, आई, येत्या रविवारी येतो, आपण दोघं मिळून बघू.
मालकांना सांगितलं, सिनेमा रविवारपर्यंत ठेवा. ते म्हणाले, गुरुवारपर्यंत गर्दी झाली तर ठेवतो, नाहीतर उतरवला. न व्हायला काय झालं? मी आहे ना.

मंगळवार, ८
देव पावला. तिकिटांच्या पोरीची दाढ काढली, गाल हा एवढा सुजलाय. खिडकीवर मी.
नुसती तिकिटं फाडणाऱ्यांतली मी नाही. एकेकाला थांबवून गुणदोष समजावले. वर हेही सांगितलं, शेवटी आई म्हणते ओढ घोडा, तेव्हा गोंधळू नका, घोडा म्हणजे चाप. एकाने विचारलं, कुणाची आई? म्हटलं, घोड्याची. दरोडेखोर तीच तर असते. तो म्हणाला, झालं मग. आणि समाधानाने घरी गेला.
रांग कशी भराभर हलते! त्या पोरीला हे कधी जमलं नाही.

बुधवार, ९
रांग लागलीच नाही. लोक लाजतात. मग खिडकीतून ओरडून सांगायला लागले, तेव्हा रस्त्यापलीकडचेही थांबून ऐकत होते. मालक धावत आले. बाई, तोंडाला जरा कुलूप लावा. म्हटलं, मी काय वेगळे पैसे घेते का, फुकट सांगते. ते म्हणाले, तेच तर!

गुरुवार, १०
ठरवलं. आज शेवट सांगायचा नाही. जीभ दाताखाली.
दुपारी एक बाप्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. पैसे काढता काढता म्हणाला, आई! मी म्हटलं, अगंबाई, तुम्हाला कळलं वाटतं? मग मीही मोकळेपणाने बोलले. नंतर लक्षात आलं, तो तिला म्हणत होता, आई, पायरी आहे. निघताना बाप्याने माझ्याकडे असं बघितलं की बंदूकच काढतो. म्हातारी मात्र गोड होती. म्हणाली, बरं झालं बाई, उगीच अंधारात बसावं लागलं असतं.
गर्दी रात्रीच्या खेळाला होईल.

शुक्रवार, ११
उतरवला.
नवा सिनेमा खुनाचा आहे. तो असेपर्यंत मालकांनी मला आपणहून सुट्टी दिली, तीही पगारी. कामाची कदर असते काही लोकांना. खून कुणी केला तेवढं बघून जाते म्हटलं, तर दारात आडवे उभे राहिले.
मुलाला फोन केला. सिनेमा गेला रे म्हटलं. तो म्हणाला, अगं, मग रविवारी येऊन करू काय?
म्हटलं, ये तर खरा. मी सांगते ना सगळा.
तो म्हणाला, आई, सांगून झालाय.