बसभर पेशंट

सांगली,
६ जानेवारी २०२५

ती. स्व. लालासाहेब काकांस,
क्रांतीचा कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. फोन फक्त माणूस गेल्याचं कळवायला असतो हा तुमचा पलटणीतला कायदा मी मोडलेला नाही. कॉलेजच्या कामात बुडाले आहे, एवढंच.

पुढच्या महिन्यात विद्यापीठाची समिती आमचं ऑप्टोमेट्री कॉलेज तपासायला येणार आहे. तिच्या अहवालात ‘उज्ज्वल परंपरा’ नावाचं प्रकरण लागतं आणि ते माझ्या गळ्यात पडलं आहे, कारण पहिल्या तुकडीतली मी एकटीच इथे शिल्लक आहे. आमची परंपरा तुम्हाला ठाऊकच आहे. हळदीच्या गोदामावरच्या दोन खोल्या, दोन वर्षांची पदविका, आणि विद्यार्थ्यांत निम्मे संस्थाचालकांचे भाचे. मला सोडायला आलात तेव्हा जिन्यात शिंकत तुम्ही विचारलं होतं, की पोरीला डोळ्याची डॉक्टर करायची आहे की मसाल्याची व्यापारी. मी लिहिलं आहे, ‘व्यापारीदृष्ट्या गजबजलेल्या परिसरात स्थापना.’ अध्यक्षांना वाक्य फार आवडलं.

आता चार वर्षांची पदवी आहे, त्यातलं शेवटचं वर्ष सगळं दवाखान्यात. अगदी कमी दिसणाऱ्यांसाठी वेगळा कक्ष आहे, कॉन्टॅक्ट लेन्सचा आहे, जतकडच्या शाळांतल्या मुलांचे डोळे तपासणारी गाडीही आहे. डिझेल असलं की ती जाते. यंदा पदव्युत्तर पदवी मागितली आहे. नाही ती फक्त एक गोष्ट, पेशंट. आमच्या ओपीडीत दुपारी पंख्याखाली वॉचमन तेवढा बसलेला असतो. समितीनं हे पाहिलं तर पदव्युत्तर राहू दे, पदवीचेच नवे प्रवेश बंद होतील.

म्हणून प्रत्येकानं आपापल्या गावाहून एक बस भरून आणायची असं ठरलं आहे. अहवालात त्याला ‘समाजाचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ म्हणतात. बारा फेब्रुवारीला तुम्ही वडूजची बस आणाल का? जेवण आहे आणि प्रत्येकाला स्टीलचा डबा. बाकावर बसायचं आणि कुणी विचारलं तर अंधूक दिसतं म्हणायचं. लिहिताना लाज वाटते, पण वाटते म्हणून लिहायचं थांबलेही नाही.

काकीला नमस्कार, नातवाला, शिवतेजला, पापा. आहे ती माया आटू देऊ नका.

तुमची,
क्रांती

*

वडूज,
१५ जानेवारी २०२५

चि. क्रांतीस,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं तापलं. हजेरीच्या गिनतीला खोटी माणसं उभी करणाऱ्याची पलटणीत काय गत व्हायची ते तुला सांगत बसत नाही. पण तुझं कॉलेज बंद पडलं तर गावात तोंड मलाच लपवावं लागेल, कारण पोरगी डोळ्यांची डॉक्टर आहे असं मीच सांगत फिरतो. डॉक्टर नाही, नजर तपासून चष्मा देणारी ऑप्टोमेट्रिस्ट, हे तू शंभरदा सांगितलंस. तो शब्द चावडीवर कुणाला म्हणता येत नाही. बस आणतो.

माझ्याबद्दल अंधूक दिसतं असं मात्र मी म्हणणार नाही. स्टँडच्या या टोकाला उभा राहून त्या टोकाच्या एसटीची पाटी मी आजही वाचतो. खराब झालंय ते गाव. माणसं डावीकडून हॉर्न न वाजवता अंगावर गाडी घालतात. शेजारचा शंभूराज चारचौघांत बोलतो, की सुभेदाराला लय गर्व चढला, राम राम घातला तर मान वळवत न्हाई. त्यानं घातलाच नाही तर मी काय वळवू? परवा सरपंचानं रस्त्यात भिंत पुढे काढून ठेवली, तिला बुलेट घासली. शिवतेज मागं बसला होता, त्याचा गुडघा फुटला. तेवढ्यावरून सूनबाईनं त्याला माझ्या मागं शाळेला पाठवायचं बंद केलं. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे तेवढी एकच ड्यूटी होती, तीही गेली. बस घेऊन येतो ते एका अटीवर. एवढ्या वर्षांत गाडीला खरचटू दिलं नाही असा माणूस आहे मी, हे तू सूनबाईला चार शब्दांत लिहून कळव. तुझं ती ऐकते.

जेवणात वांगं असलं तर आधी सांग. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझा काका,
सुभेदार लालासाहेब (निवृत्त)

*

वडूज,
२० जानेवारी २०२५

चि. क्रांतीस,
साळूबाई काकीचा आशीर्वाद.

बाळ, ह्यांना न सांगता लिहिते. चौथीपर्यंतच शिकले, चुका पोटात घाल.

ह्यांचं काही खरं दिसत नाही. डाव्या हाताला चहा ठेवला की कलंडतात आणि माझ्यावर ओरडतात, की चोरावाणी कप कशाला ठिवतीस. जवळनं माणूस गेलं तरी बोलत नाहीत. लोक तोडायला लागलेत. शिवतेज शाळेला निघायच्या वेळेला हे बुलेटची किल्ली हातात धरून ओट्यावर बसतात. पोर बापाबरोबर जातं. मग हे दुपारपर्यंत तिथंच. मला बघवत नाही.

डोक्यात राग भरलाय की आणि काही, ते तुझ्याकडं आले की कुणा मोठ्या डॉक्टरला दाखव. सूनबाईला एवढ्यात काही लिहू नको. मी सांगितलं असं ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील.

सुखात राहा, आणि आम्हाला विसरू नको.

तुझी काकी

*

सांगली,
२७ जानेवारी २०२५

ती. स्व. काकीस,
क्रांतीचा सा. न. वि. वि.

काकी, तू उगाच जीव काढतेस. फौजेतून आलेल्या माणसाला घरात हुकूम ऐकणारं कुणी सापडलं नाही की असंच होतं. डोळ्यांचं म्हणशील तर ती काळजी माझ्यावर सोड. दिवाळीत फटाक्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरं त्यांनी चष्म्याशिवाय वाचली, ती मलाही लागली नव्हती. मला वाटतं कान कमी झाले असावेत, म्हणून राम राम ऐकू येत नाही. कानाचं इथे दाखवू. आणि कप उजव्या हाताला ठेवत जा, भांडण मिटेल. सूनबाईला मात्र मी दोन ओळी टाकल्या आहेत, की पोराला आजोबांपासून तोडू नको. तुझं नाव त्यात नाही.

इथे आमची लगीनघाई आहे. नजरेचा घेर मोजायचं एक महागडं मशीन संस्थेनं घेऊन ठेवलंय, ते आजवर प्लॅस्टिकमध्येच होतं. माहितीपत्रकात त्याचा फोटो छापतो आणि विद्यार्थ्यांना तो फोटो दाखवतो. काल प्राचार्यांनी नारळ फोडून प्लॅस्टिक काढलं. बटण कुठलं ते कुणालाच सापडेना. शेवटी जतकडची पिंकी नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी सोबतचं पुस्तक घेऊन बसली आहे. समितीसमोर मशीनचा दिवा लागला तरी पुष्कळ झालं.

काळजी करू नकोस, आणि लाडू पाठवायचे विसरू नकोस.

तुझी,
क्रांती

*

वडूज,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कॉलेजची परेड झाली, त्याचा रिपोर्ट देतो. बस वेळेवर पोचली. माणसं शिस्तीत बसली. काय होतंय असं विचारल्यावर सगळ्यांनी एका सुरात अंधूक दिसतंय म्हटलं, ते जरा जास्तच एका सुरात झालं.

मला तपासायला ती पिंकी होती. तिला म्हणे सांगितलं होतं, की बॅटरी मारायची आणि कागदावर ठीक लिहायचं. मी तिला बजावलं, की काम करायचं तर पुरतं कर, नाहीतर तोंडानं सांग की मला येत नाही. पोर भित्री, पण कामाला बसली ती बसलीच. तक्त्याची सगळ्यात खालची ओळ मी वाचली, त्याच्याखालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मग तुमच्या त्या नव्या मशीनवर नेलं. हनुवटी टेकवायची, मधोमध बघायचं आणि कुठंही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मशीन एकदम भिकार निघालं. किती वेळ ठिपकाच येत नाही. डाव्या डोळ्याला तर जवळपास लाइटच गेली होती त्याची. तिनं पुन्हा लावलं, तरी तेच. मी म्हटलं, कंपनीला परत पाठवा.

मग ती तुला घेऊन आली. तू कागद बघितलास, माझ्याकडे बघितलंस आणि मला तडक मोठ्या डॉक्टरकडे नेलंस. बाहेर येताना दारात समितीचा मुख्य माणूस डावीकडून येऊन माझ्यावर आदळला. त्याला मी चांगला झापला, तो समितीचा हे मागाहून कळलं.

बाकी सगळ्यांना डबे मिळाले. मला रोज संध्याकाळी डोळ्यात एक थेंब टाकायची इवलीशी बाटली, आणि तुझा हुकूम, की बुलेटला हात लावायचा नाही. ऑर्डर म्हणून पाळतो आहे, थेंब काकी टाकते. पण बसमध्ये सगळे हसले, की घरच्या माणसाला डबा न्हाई, बाटली. तू माझ्याबरोबर चहासुद्धा घेतला नाहीस. आमचं काय चुकलं ते कळव.

राग नाही, पण खुलासा हवा.

तुझा काका

*

सांगली,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस,
कृ. सा. न. वि. वि.

काका, मशीन चांगलं आहे.

त्या दिवशी तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. तुम्हाला काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे, की काढला आणि संपलं. यात बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं मरत येते. मधली नजर बरीच उशिरापर्यंत शाबूत राहते, म्हणून खालची ओळ तुम्ही वाचलीत. डाव्या डोळ्यात मधला लहानसा तुकडा उरला आहे, उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली आहे. डावीकडून येणारं तुम्हाला दिसत नाही, आणि दिसत नाही हे कळतही नाही. शंभूराजनं राम राम घातला होता, काका. सरपंचाची भिंत जिथल्या तिथे होती. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं मात्र राखता येईल, म्हणून थेंब एकही दिवस चुकवायचा नाही, आणि बुलेट आता कायमची बंद.

मी हे वर्गात शिकवते. आणि तुमचं ते भिंतीचं नि राम रामचं पत्र मी स्टाफरूममध्ये हसत हसत वाचून दाखवलं. घरून कळलं तेव्हा कान तपासा म्हटलं. शिवतेजला तुमच्या मागं पाठवा असंही सूनबाईला लिहिलं होतं, तिनं ऐकलं नाही हे आपलं नशीब. मला फार वाईट वाटतं, अन्न गोड लागत नाही.

आता समितीचं ऐका. तिच्यात एक रसायनशास्त्राचे, एक व्यवस्थापनाचे आणि एक निवृत्त अधिकारी होते. डोळ्यांचं कुणीच नव्हतं. त्यांचे शेरे काल आले. पेशंटांच्या उत्स्फूर्त प्रतिसादाचं कौतुक केलं आहे. आक्षेप फक्त एका पेशंटवर आहे. खालची ओळ वाचतो, तक्रार काही नाही, आणि बाजूची नजर जवळपास गेलेली, असा माणूस असू शकत नाही. त्यातून मशीनच्या पोटातल्या नोंदींत एवढ्या वर्षांत हा एकच पेशंट सापडला. तेव्हा ही नोंद मशीन वापरात असल्याचं भासवण्यासाठी रचलेली दिसते, म्हणे. दहा मार्चला पेशंट समक्ष उभा करावा, नाहीतर प्रवेश बंद.

म्हणजे अख्ख्या बसमध्ये खोटे ठरलात ते तुम्ही एकटे. अध्यक्ष म्हणतात, नोंद चुकून झाली असं लिहून द्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं. पण चारचौघांत तुम्हाला उभं करून तुमची नजर गेल्याचं सिद्ध करू, असंही माझ्यानं म्हणवत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

माया कमी करण्याइतका अपराध झाला आहे, तरी ती करू नका.

तुमची,
क्रांती

*

वडूज,
३ मार्च २०२५

चि. क्रांतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी तुझाच राग आला. मग उजव्या डोळ्यावर हात ठेवून दाराकडं बघत बसलो. शेजारी काकी उभी होती, ती नव्हती. ती बोलत होती, हसतसुद्धा होती, पण नव्हती. सरहद्दीवर वाटली नाही एवढी भीती मला माझ्या ओट्यावर वाटली, हे तुला सांगायला लाजत नाही. किल्ली काकीकडं दिली. शंभूराजच्या दारात जाऊन मीच राम राम घातला. शिवतेजला आता चालत सोडतो. खरं म्हणजे तोच मला नेतो, पण ते आम्ही दोघं बोलत नाही.

माझ्या डोळ्यानं मला फसवलं, ते मी बघून घेईन. पण मी रचलेला आहे असं लिहिणारी ही समिती कोण? उभ्या जन्मात खोटी गिनती दिली नाही, एकदा तुझ्यासाठी दिली, आणि त्यात नेमका मीच खरा निघालो. नोंद मागे घेतलीस तर माझ्याशी बोलू नको. दहा तारखेला मेडल लावून येतो. त्या साहेबांनी माझ्या डाव्या अंगाला उभं राहून काय हवं ते हलवावं. मला दिसलं तर कॉलेज बंद करा म्हणावं.

एक आताच सांगतो. समक्ष उभा राहिलो की विचारतील त्याचं खरं उत्तर देणार. बस कशी भरली हे विचारलं तर तेही सांगणार. तुझं जे व्हायचं ते होईल, त्याची तयारी ठेव. सोबत आपल्या बसमधल्या कोंडीबाला आणतो आहे. त्याला खरंच अंधूक दिसतं, तसं त्यानं त्या दिवशी सांगितलंही, पण सगळेच तसं म्हणत होते म्हणून त्याला कुणी तपासलंच नाही. त्याला पिंकीकडं दे.

आमची एसटी विट्यावरून आदल्या दिवशी दुपारी सांगलीला पोचेल. मला उतरवून घ्यायला कुणी आलेलं आजवर आवडलं नाही. या वेळी ये. स्टँडवर गर्दी असते. दाराच्या उजव्या हाताला उभी राहा, म्हणजे मला दिसशील.

आशीर्वाद आहेतच.

तुझा काका,
सुभेदार लालासाहेब (निवृत्त)