सव्वा किलोचा तंबू

मन्या,

काल मला तुझा तंबू उभा करता आला नाही.

हस आता पोटभर! लातुरात पस्तीस वर्षं मंडप घालणारा तुझा अण्णा, वैशाखातल्या वावटळीत लग्नाचे मांडव सांभाळणारा, काल संध्याकाळी गच्चीवर सव्वा किलोच्या कापडापुढे हात टेकून बसला होता. एक बाजू उचलली की दुसरी बसायची, दुसरी उचलली की पहिली. शेवटी तोंडातून निघून गेलं, "मन्या, तिकडचं टोक धर रे!" आणि मग मी फरशीवर बसकण मारली. तुला जाऊन सहा महिने झाले आणि मी गच्चीवर उभा राहून तुला हाका मारतोय. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. दुसरं काय करू, तूच सांग.

तंबू तुझ्या शोभाने पाठवला, तुमच्या नांदेडच्या शेजाऱ्याबरोबर, एसटीने. आधी फोन आला, "अण्णा, ह्यो घरात बघवत न्हाई. तुमच्या धंद्यातली चीज हाय, तुमच्यापाशीच राहू द्या." पिशवी हातात घेतली तर एवढीशी. गोडाऊनमध्ये कनातींच्या थप्पीवर ठेवली, पण तिथे ती फारच बिचारी दिसायला लागली. मग घरी आणली.

हे सगळं सुरू कसं झालं, आठवतं? परवाच्या सालची दिवाळी. तू भूगोलाचा मास्तर. वर्गात नकाशे शिकवून तुझं पोट भरत नव्हतं. सुट्टी लागली की पाठीला पिशवी मारायची आणि माहूरकडच्या डोंगरांत पायी भटकायचं. पन्नाशी उलटलेला माणूस! फराळाच्या ताटावर म्हणालास, "अण्णा, एक हलका तंबू घ्यावा म्हणून राहिलो. दोन माणसांचा."

मला केवढा राग आला! मंडपवाल्याचा सख्खा भाऊ बाहेरून तंबू आणणार? "दोन काय, दोन हजार माणसांचा देतो, घेऊन जा," म्हणालो. आणि स्वतः मशीनवर बसून शिवला. शामियान्याचं जाड लाल-पिवळं कापड, खाली ताडपत्री, लोखंडी पाइप, आठ मेखा. मागच्या बाजूला आपल्या दुकानाचं छापलेलं नाव तसंच राहिलं. मला वाटलं, चला, डोंगरात जाहिरात होईल.

आम्हा मंडपवाल्यांची अक्कल एवढीच रे. कापड चिमटीत जाड लागलं की चांगलं, पाइप हाताला जड लागला की भरवशाचा. वारा सुटला की वजनच मांडव धरून ठेवतं. ते सगळं कुणाला पाठीवर घेऊन चढायचंय, हा विचार आमच्या धंद्यात येतच नाही. आमच्याकडे टेम्पो असतो.

गोडाऊनच्या काट्यावर तो तंबू अकरा किलो भरला. आणि तू, येड्या, नको म्हणाला नाहीस! तो घेऊन डोंगर चढलास. परत आलास तेव्हा दोन्ही खांद्यांवर काळेनिळे वळ होते. कसा काय होता, विचारलं तर म्हणालास, "लई भारी तंबू, अण्णा. फकस्त संगं एक बैलगाडी द्यायची व्हती."

मग तू खरा शोध सुरू केलास आणि मलाही त्यात ओढलंस. कुठून कुठून तंबू मागवायचास, लातूरला घेऊन यायचास आणि माझ्या गच्चीवर लावायचास. "धंद्यातला माणूस हायेस, तू पास कर." मी शिवणी तपासायचो, दोऱ्यांचा ताण बघायचो, नाक मुरडायचो. तू मला शिकवायचास. कापडाचे दोन थर हवेत, म्हणजे श्वासाचं पाणी अंगावर ठिबकत नाही. दारं दोन हवीत, दोन्ही अंगांना, म्हणजे एकाला बाहेर पडताना दुसऱ्याला तुडवायला नको. पिशवीवर 'दोन माणसांचा' लिहिलेलं असतं, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही, दीड माणसाचाच असतो. साठीला आलेला मंडपवाला मी, आणि माझीच शिकवणी चालली होती!

पहिला तंबू लावलास तेव्हा मी त्याच्या खांबाला हळदकुंकू वाहिलं होतं आणि आंब्याचा डहाळा बांधला होता. मेढ पुजल्याशिवाय मांडव चढवायचा नाही, ही बाबांची शिस्त. तू हसून हसून लोळलास. "आता नवरदेव कुठून आणू, अण्णा?" पण हात मात्र जोडलेस.

आणि तुझी ती बसायची परीक्षा! "तंबूत माणसाला ताठ बसता आलं पाहिजे. पावसात दिवसभर अडकलो तर वाकून किती येळ बसणार?" आत मांडी घालून बसायचास आणि मला टेप लावायला सांगायचास, जमिनीपासून डोक्यापर्यंत. दोन फूट अकरा इंच. वर चार बोटं मोकळी पाहिजेत, हा तुझा हट्ट. मापं मी विसरत नाही, तुला ठाऊक आहे.

एकदा मी विचारलं, "दोन माणसांचा, दोन माणसांचा करतोस, दुसरा माणूस कोण? शोभाला तर डोंगर मानवत नाही."

"तू की!" म्हणालास. "एकट्याचा घेतला तर अर्धा किलो कमी भरतो. तुझ्यासाठी दोघांचा बघून राहिलो."

येतो म्हणालो. लग्नसराई संपली की येतो. किती लग्नसराया संपल्या रे, त्यानंतर?

मग मात्र तुझं काहीतरी बिनसल्यासारखं झालं. तीन किलोचा आणलास, जड म्हणून परत. अडीचचा, जड. दोनचा, तोही जड. एक दिवस गोडाऊनमध्ये, सगळ्या गड्यांसमोर, माझं डोकं सटकलं. "आपला गडी चाळीस किलो पाइप एका खांद्यावर नेतो, आणि तुला पाव किलोनं काय होतंय? मास्तरकी करून करून पार लोणी झालास का?" गडी हसले. तूही हसलास. मग तंबू पिशवीत भरायला लागलास आणि मधेच पायरीवर बसलास. मी ते पाहिलं. मला वाटलं, रुसला.

मला माहीत नव्हतं, मन्या. आईची शपथ, मला माहीत नव्हतं.

गुढीपाडव्यानंतर शोभाचा फोन आला तेव्हा कळलं. लिव्हर गेलं होतं. डॉक्टरांनी हात वर केले होते आणि तुला हे दोन-तीन महिन्यांपासून ठाऊक होतं. शोभा रडत रडत सांगत होती, "अण्णाचा सीझन हाय, संपल्यावर सांगू म्हणून राहिले हे. मला शपथ घातली."

म्हणजे तंबू जड नव्हता. तुझी ताकद दर महिन्याला उतरत होती आणि जेवढी उरली आहे तेवढ्यात बसेल असा तंबू तू शोधत होतास. आणि त्यातही दोघांचाच! एकट्याचा घेतला असतास तर काम कधीच झालं असतं, तू डोंगरात जाऊनही आला असतास. माझ्या जागेचा अर्धा किलो तू सोडला नाहीस. आणि मी तुला लोणी म्हणालो.

पण माझाही तुझ्यावर राग आहे. का नाही सांगितलंस? सीझन! अरे, मांडव गडी घालतात, मला फक्त बाजूला उभं राहून ओरडायचं असतं. सख्खा भाऊ जातोय म्हटल्यावर मी सीझन बघत बसलो असतो का? एवढंच ओळखलंस मला? की बरोबर ओळखलंस? हा प्रश्न आला की मी उठून कामाला लागतो.

मग तो शेवटचा तंबू आला, हा सव्वा किलोचा. ह्याला स्वतःचे खांबच नाहीत. चालणाऱ्याच्या हातात दोन काठ्या असतात, मुक्कामाला त्याच आत उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर कापड ताणायचं. तेव्हा त्या दोन काठ्यांवर तू पलंगापासून न्हाणीपर्यंत जात होतास.

मी नांदेडला आलो त्या दुपारी तू हट्टच धरलास, आत्ताच्या आत्ता लावायचा. फरशीत मेखा कुठे ठोकणार? मी दोऱ्या खिडकीच्या गजांना, पलंगाच्या पायाला, कपाटाच्या कडीला बांधल्या. तू एकेक करून दोन्ही काठ्या माझ्या हातात दिल्यास, माझा खांदा धरलास आणि आत बसलास. मी दुसऱ्या दाराने आत शिरलो. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. शोभाने दार वर करून चहा दिला, "घ्या पावनं!" किती दिवसांनी तिघं मिळून हसलो आपण.

मी तुझ्या डोक्यावर हात आडवा धरून बघितलं. चार बोटं सुटत होती. "पास," म्हणालो. तुझा चेहरा असा खुलला!

"माहूरच्या अलीकडं एक माळ हाय, अण्णा," म्हणालास. "तिथल्या शेतकऱ्याशी माझी ओळख हाय. गाडी जवळपर्यंत जाती. म्होरं थोडंसंच चालणं. एक मुक्काम करू."

"करू की."

"कवा?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. उदगीरच्या लग्नाची पार्टी, जागा दाखवायला थांबली होती. पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हणालो, हे एक लग्न झालं की. आणि माझ्या बाजूच्या दाराने बाहेर पडलो. पंधरा मिनिटंसुद्धा बसलो नसेन. तू मान डोलावून फक्त "हाव" म्हणालास. शोभा सांगते, मी गेल्यावर तू तासभर तसाच आत बसून होतास.

उदगीरचा मांडव देखणा झाला. तो उतरवत असतानाच फोन आला.

निलंग्याच्या आपल्या रानात, बाबांच्या शेजारी तुझी समाधी केली. आपल्या लिंगायतांत माणसाला झोपवत नाहीत, मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देऊन. खड्डा झाला, आत बसवायचा कोनाडा कोरायला घेतला, तेव्हा जंगम स्वामींनी विचारलं, "बसल्यावर किती उंच भरतील हो मास्तर?" लोक अंदाज बांधायला लागले. कुणी कमरेला हात लावून दाखवला, कुणी छातीला.

"दोन फूट अकरा," मी म्हणालो. "वर चार बोटं जास्त ठेवा. डोकं टेकायचं न्हाई त्याचं."

कोरणाऱ्यांनी तेवढंच माप धरलं. मला कसं माहीत, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. तुझं एवढंच एक काम मी वेळेवर केलं, मन्या. एवढंच.

तर काल तंबू का उभा राहिला नाही, तुझ्या ध्यानात आलं असेल. पिशवीत काठ्याच नव्हत्या. मी शोभाला फोन लावला.  ती म्हणाली, "दाराआड हाईत, अण्णा. पर दोन्ही नका नेऊ. सकाळी झाडताना हात लागतो त्यांना. एक राहू द्या मला."

 एकच दे, म्हणालो.

उद्या सकाळच्या एसटीने नांदेडला येतोय, आणि तिथून माहूरकडे, तुझ्या माळावर. पुढच्या आठवड्यात नाही, उद्या. तुळशीचं लग्न झालंय, सीझनचा पहिला मांडव परवा चढायचा आहे. गड्यांना सांगितलं, तुम्हीच चढवा.  मला नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. गुडघे बोलतात. तिथे तुझ्याशिवाय बसून काय करायचं, तेही कळत नाही. तंबू तुझा, माळ तुझा, ओळख तुझी. मी आपला उशिरा आलेला पाहुणा.

पण शब्द देतो. तुझ्या अंगाला तुझी काठी उभी करीन आणि ती जागा मोकळी ठेवीन. माझ्या अंगासाठी आज सकाळी गोडाऊनमधला एक बांबू काठीच्या लक्षात असलेल्या मापाने कापला, घासला, आंब्याचा डहाळा बांधून ठेवलाय. काट्यावर घातला तर आठशे ग्रॅम भरला. म्हणजे आपला तंबू पुन्हा दोन किलोच्या वर गेला, तू नक्की परत पाठवला असतास.

जड होऊ दे. या खेपेला माझ्या बाजूचं मी उचलतो.

उशिरा निघालेला,
तुझा अण्णा