नामिबियात बाबांना सांगायचं होतं

२० जुलै, रविवार. शॉमबर्ग (शिकागो)
पॅकिंग सुरू. टूर कंपनीची यादी दोन पानांची: स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प, कानटोपी (तिकडे आत्ता हिवाळा), बॅग मऊ पाहिजे, चाकांची चालणार नाही. बाबांनी यादी वाचली आणि घडी करून मला परत दिली. "चौतीस वर्षं जंगलात नोकरी केली. मला कोण शिकवून राहिलं, काय न्यायचं ते?" त्यांच्या बॅगेत दोन पँट, मफलर, दुर्बीण, खिशातली वही. झालं त्यांचं. माझं अजून चालूच.

रश्मी म्हणाली, आता तरी सांग त्यांना. नागपूरचं घर विकून दोन महिने झाले.
म्हटलं, तिकडे सांगतो. मोकळ्या जागेत. इथे सांगितलं तर बिचारे उठून जातील कुठे?
"आणि तिकडे कुठे जातील? सिंहांकडे?"
ती उगाच बोलत नाही, हाच त्रास आहे.

२७ जुलै, रविवार
जेवताना बाबा: "दिवाळीला नागपूरला जाईन म्हणतो. त्रिमूर्तीनगरच्या घराला रंग देऊन घेतो. मग तिथेच राहीन. तुमचं घर चांगलं आहे, पण मी इथे करू काय?"
र. ताटाकडे बघत राहिली. मी पाणी प्यायलो.

एकदा नीट लिहून काढतो. आई गेल्यावर त्यांना इकडे आणलं, तेव्हा मुखत्यारपत्रावर सही घेतली होती. टॅक्स, वीजबिल, असली कामं करायला, असं सांगून. तेव्हा खरंच तेवढंच होतं मनात. त्यांनी वाचलंही नाही. वनखात्यात प्रत्येक कागद दोनदा वाचून सही करणारा माणूस, मुलाने पुढे केला म्हणून वाचला नाही. मग पाच वर्षं घर बंद. छत गळायला लागलं. चुलतभाऊ मंगेश तिथून दर आठवड्याला फोन करून कटकट करायचा. गिऱ्हाईक चालून आलं. बाबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

हे वाक्य लिहून बराच वेळ बघत बसलो.

३ ऑगस्ट, रविवार. विंडहूक
पोचलो. पाठीचे तुकडे. बाबा विमानात झोपून ताजेतवाने.

टूरचा ट्रक म्हणजे बसच, फक्त उंच. पोटात कप्पे, त्यात तंबू, चूल, भांडी. ट्रकवर सतरा जण, त्यात आम्हीच दोघं देशी. गाइडचं नाव योहानेस, माझ्याच वयाचा. बाबांना तो 'ताते' म्हणतो; त्याच्या भाषेत वडील माणसाला तसं म्हणतात. नियम सांगितला: कामं सगळ्यांनी करायची. तंबू आपला आपण ठोकायचा. भांडी घासली की पुसायची नाहीत, हवेत हलवून वाळवायची. संध्याकाळी सतरा माणसं गोल उभी राहून ताटल्या हलवत होती, आरती चालल्यासारखी. बाबा सगळ्यांत जोरात.

तंबू त्यांनी एकट्याने ठोकला. मी खुंट्या धरायला.

५ ऑगस्ट, मंगळवार. एटोशा
दुपारभर पाणवठ्यावर. कॅम्पला लागूनच आहे, कठड्याआड बाकं. हत्ती आले, एकोणीस. इथल्या मातीने पांढरे झालेले, चुना फासल्यासारखे. लोकांचे कॅमेरे सुरू. बाबांनी वही काढली. आखलेले रकाने: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू, कुठून आला, कुठे गेला. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

हे रकाने मला पाठ आहेत. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर जनावरं मोजायला ते दरवर्षी मेळघाटात मचाणावर. माझा वाढदिवस त्याच सुमारास. केक आई आणि मी.

योहानेस वाकून वहीत बघत होता. बाबा त्याला त्यांच्या इंग्रजीत: "धिस वन, ओल्ड लेडी. लीडर. ऑल फॉलो." तो म्हणाला, ताते, उद्या पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसा. बाबा लाजले. खरोखर लाजले. पाच वर्षांत त्यांना असं पाहिलं नव्हतं.
आज सांगणं शक्यच नव्हतं.

६ ऑगस्ट, बुधवार. एटोशा
सकाळी तंबूंच्या वाटेवर ठसा. बाबांनी भोवती चार दगड मांडले, कोणी तुडवू नये म्हणून. तरस, म्हणाले. योहानेस म्हणाला, बरोबर. मग दोघं उकिडवे बसून पाऊण तास. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नाही, तरी बोलणं संपेना.

आजही नाही सांगितलं. र.ला मेसेज: उद्या. तिचं उत्तर: बरं. नुसतं बरं.

८ ऑगस्ट, शुक्रवार. स्पिट्झकोपे
माळावर नुसते खडक. ना दिवे, ना नळ. संध्याकाळी एका तापलेल्या खडकावर दोघंच बसलो. म्हटलं, आता. तोंड उघडणार तोच तेच बोलायला लागले.

"तुझ्या आईने ते घर एकटीने चालवलं. मी महिन्यातून दोन दिवस यायचो, पाहुण्यासारखा. माझी चहाची कपबशी पण वेगळी काढून ठेवायची ती, पाहुण्याची असते तशी. रिटायर झालो आणि सहा वर्षांत ती गेली. आता तिच्यासारखं राहून पाहीन म्हणतो त्या घरात. सकाळी दूध, पेपर, पाणी भरणं. तिचा दिवस कसा जायचा ते मला माहीतच नाही रे."

मी "हं" म्हटलं. भित्रा आहे मी, दुसरा शब्द नाही.

९ ऑगस्ट, शनिवार. केप क्रॉस ते स्वाकोपमुंड
सांगितलं.

समुद्रकिनारा, हजारो सील. वास असा की बायका नाकाला रुमाल लावून ट्रकमध्ये परत. आवाज बकऱ्यांच्या बाजारासारखा. बाबा कठड्याला टेकून मोजण्याच्या बेतात. म्हणाले, "हे काही एका माणसाचं काम नाही. दिवाळीला तात्पुरतं म्हणून दोन भांडी तरी..." सीलवरून भांड्यांवर कसे आले देव जाणे. आणि माझ्या तोंडून गेलं: "बाबा, ते घर विकलं."

आवाजात ऐकू गेलं नाही. परत सांगावं लागलं. ओरडून. आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं.

"कधी?"
"मे महिन्यात."
"सही?"
"मुखत्यारपत्र होतं ना."
"आतलं सामान?"
"मंगेशने विल्हेवाट लावली."
"विल्हेवाट." मग म्हणाले, "आम्ही मेलेल्या जनावराची लावायचो विल्हेवाट. पंचनामा करून. दोन साक्षीदार घेऊन."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी काय म्हणालो ते लिहितो, म्हणजे पुढे मला वेगळं आठवणार नाही. म्हणालो, "त्या घरात आई आणि मी राहिलो. तुम्ही नव्हता." हेही ओरडून.

त्यांनी वही खिशात ठेवली. बटण लावलं. ट्रककडे गेले.

१० ऑगस्ट, रविवार. स्वाकोपमुंड
धुकं. इथे तंबू नाहीत, खोल्या. एकाच खोलीत दोन पलंग. बाबा भिंतीकडे तोंड करून.
योहानेसने विचारलं, ताते आजारी आहेत का? म्हटलं, दमलेत.
दिवसभर बंदरावर एकटेच फिरत होते. लांबून मागे मागे मी. त्यांना कळलं असणार, माग काढण्यातच आयुष्य गेलंय त्यांचं. वळून पाहिलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार. सेसरीम
लाल वाळूचे डोंगर. सगळे चढले. बाबा खाली बाभळीसारख्या एका झाडाच्या सावलीत. मी शेजारी. तासाभराने पहिलं वाक्य, तीन दिवसांत पहिलं.

"कोणी घेतलं?"
"बँकेत आहे माणूस. दोन मुली आहेत शाळेतल्या."
"बरं." वाळूत बोटाने रेघा ओढत होते. "त्यांना सांगशील, मुलींना अभ्यासाला मागची खोली द्या म्हणावं. उजेड चांगला येतो तिथे. तुझी आई तुला तिथेच बसवायची."

त्यांना हे माहीत होतं. महिन्यातून दोन दिवस येणाऱ्या माणसाला माहीत होतं मी कुठे बसायचो.
ट्रकच्या मागे जाऊन रडलो. ताटल्या हलवायची पाळी माझी होती, ती कोणीतरी केली.

१७ ऑगस्ट, रविवार. शॉमबर्ग
घरी. निघताना विंडहूकच्या विमानतळावर योहानेसने बाबांना मिठी मारली. बाबांनी त्याला दुर्बीण देऊन टाकली. मला विचारलं नाही. का विचारावं?

२४ ऑगस्ट, रविवार
बाबा बदललेत. रागावले असते तर बरं झालं असतं. अंथरूण पहाटेच घडी घालून कोपऱ्यात, हॉटेल सोडायचं असल्यासारखं. जेवल्यावर र.ला म्हणतात, "छान झालं होतं जेवण." फ्रिज उघडायच्या आधी विचारतात. टीव्हीचा रिमोट हातात घेत नाहीत. सोफ्याच्या कडेला बसतात.

र. काल म्हणाली, "मला थँक यू म्हणाले ते. मला!" आणि तिच्या डोळ्यांत पाणी.
लेक ईरा सोळाची, तिला आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. माझ्या खोलीत येऊन दार लावून: "आजोबा आस्क्ड मी इफ ही कॅन यूज द मायक्रोवेव्ह. डॅड, व्हॉट डिड यू डू?"
सांगितलं. ऐकून घेतलं आणि गेली.

३१ ऑगस्ट, रविवार
तळ्याभोवती फिरायला त्यांच्याबरोबर गेलो. सांगून. दुसऱ्या फेरीला म्हटलं, "बाबा, मी चुकलो."
"चुकलास."
बस. बदकांनी वाट अडवली तेव्हा थांबले, त्यांना जाऊ दिलं, मग म्हणाले, "तू तिकडे समुद्रावर बोललास ते खरं होतं. मी नव्हतो. पण त्यासाठीच तर मला आता..."
वाक्य तिथेच सोडलं. मीही उचललं नाही. घर आलं.

मंगेशला फोन केला. घेणारा परत देईल का, म्हणून. तो हसला. मग मी गंभीर आहे हे कळल्यावर म्हणाला, "दादा, त्यांनी पूजा करून, सामान लावून राहायला सुरुवात केली. तू येडा झाला का?"

१४ सप्टेंबर, रविवार
सकाळी बाबा स्वतः आमच्या खोलीच्या दाराशी. टकटक करून. त्यांच्या जुन्या खात्यातले तुमाने, आता परतवाड्याला असतात. बाबांनी त्यांना आपणहून फोन केला होता. त्यांच्याकडे वरची एक खोली रिकामी आहे, म्हणे. जिना बाहेरून. मेळघाट तिथून जवळ.

"तेवढं तिकीट काढून दे. मला ते कंप्युटरवरचं जमत नाही."
र. म्हणाली, बाबा, थंडी संपेपर्यंत तरी थांबा.
"नाही बेटा. तुमच्याकडे फार दिवस झाले."
तुमच्याकडे.

म्हटलं, मी येतो पोचवायला. "सुट्टी संपली असेल तुझी," म्हणाले. नको म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.

ते फिरायला गेल्यावर लॅपटॉप उघडला. शिकागो, नागपूर, तारीख, प्रवासी एक. एक खोडून दोन केले. परत एक. पुढचा चौकोन: वन वे की राउंड ट्रिप. राउंड ट्रिपवर माझं बोट आपोआप गेलं. सवयीने. त्यांच्या वतीने.

हात काढून घेतला. स्क्रीन तशीच ठेवलीय. तळ्यावरून आले की विचारतो.